खैरोलीच्या सड्यावर हळदीचं तूस

सोलापुरात परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय सर, समुद्र पाहिला का?" नाही पाहिला. मांडवीचा किनारा रिक्षाने थोड्याच मिनिटांवर असताना मी रत्नागिरीच्या स्टँडवर पाऊण तास उभा राहिलो आणि समुद्राकडे पाठ करून खैरोलीच्या गाडीत बसलो. त्यानंतरचे पाच दिवस एका खडकावर, एका झऱ्याकाठी आणि एका शाळेच्या पडवीत गेले. या पाच दिवसांत मी जो घोळ घातला तो खैरोलीतल्या शेंबड्या पोरालाही आता पाठ आहे. कोकणातली माणसं फोनवर फार बोलतात. तेव्हा इथं तो दुसऱ्याच्या तोंडून पोचण्याआधी मीच सांगून टाकलेला बरा.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पाणी कुठून येतं, कुठं जातं, खडकात कसं मुरतं, हे फळ्यावर रंगीत खडूने काढण्यात माझा हात धरणारा आमच्या शाळेत कोणी नाही. बी.एड.ला माझ्याबरोबर असलेला कदम खैरोलीच्या शाळेत आहे. त्याचा फोन आला, "आमच्या पोरांना सड्याच्या पाण्याचा शोध घ्यायचाय. एक जाणकार पाहिजे." जाणकार हा शब्द ऐकला आणि मी बॅग भरायला घेतली. पुढचं सगळं त्या शब्दामुळे झालं.

गुरुवार

फाट्यावर कदम छत्री घेऊन उभा होता. गणपती जाऊन तीन दिवस झाले होते, मुंबईकर मंडळी अजून गावातच होती, आणि पाऊस आठवण झाल्यासारखा मधेच येऊन जात होता. घरी वहिनींनी गूळपाणी दिलं, मग तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि सुक्या बांगड्याची चटणी. मी मोठ्या अभिमानाने सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली. वहिनींनी ती भाकरी बोटांनी वाजवून पाहिली.

"भाऊजी, ही खायची की कौल फुटलं तर वर लावायची?"

मला नवल वाटलं ते त्यांच्या पाण्याचं. आमच्याकडे नळाला पाणी कधी येणार त्यावर लग्नाचे मुहूर्त मागेपुढे होतात. इथं परसात कातळातून आलेली धार चोवीस तास पडत असते आणि तिच्याकडे कोणी मान वळवून बघतही नाही.

दुपारी कदमची पोरं मला सड्यावर घेऊन गेली. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. पोरं चौदा होती, नववी ते बारावीतली. पुढारी सानिका, अकरावीतली, उंचीने माझ्या खांद्याला आणि आवाजाने माझ्या वर. तिचा उजवा हात रेहान, खाडीकाठच्या मोहल्ल्यातला, दहावीचा. तो कमी बोलतो आणि सगळं वहीत लिहितो. दोन वर्षं ही पोरं दर रविवारी सड्यावर जाऊन तिथलं फूल न् फूल, बेडूक, टिटवीची अंडी, पाण्याची डबकी यांची नोंद करत आहेत. कोणी सांगितलेलं नाही, गुण मिळत नाहीत.

वर पोचल्यावर मी कमरेवर हात ठेवून चौफेर नजर फिरवली आणि जाणकाराला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "आमच्याकडे याला माळ म्हणतात. दगड आणि गवत. फारसं काही नसतं." आणि बसलो.

"सर, जरा उठता का?" सानिका म्हणाली. "तुम्ही दवबिंदूंवर बसलाय. किडे खाणारी झाडं आहेत ती."

मी उठलो. रेहानने ओणवून पाहिलं. नखाएवढी लाल रोपटी, प्रत्येक केसावर चिकट थेंब. भोवती निळी इवली फुलं, पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद, खळग्यात साचलेलं स्वच्छ पाणी. हे सगळं मघाशीही तिथंच होतं.

"दोन गेली. बाकीची जगतील," रेहान म्हणाला आणि त्याने वहीत लिहिलं. मी डोकावून पाहिलं. "नुकसान" या रकान्यात पूर्वीच्या नोंदी होत्या: गाडीचं चाक, वणवा, म्हशी. त्याखाली आता "पाहुणे" असं आलं होतं.

मग सानिकाने मला मुद्दा सांगितला. एका कंपनीला हा सडा हवा होता. मशीन लावून तो सपाट करायचा, वर काँक्रीट घालायचं आणि माल साठवायचं मोठं आवार करायचं. त्यासाठी गावाचा ना हरकत ठराव लागणार होता आणि मुंबईकर गावात आहेत तोवर, म्हणजे रविवारीच, ग्रामसभा ठेवली होती. कंपनीच्या अहवालात एक वाक्य होतं: जागा पडीक आहे आणि तिच्यावरचं पावसाचं पाणी थेट खाडीला जातं. पोरांचं सगळं घोडं त्या वाक्यावर अडलेलं होतं. फुलं आणि बेडूक यांच्यासाठी गाव हात वर करणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पण सड्याचं पाणी गावाच्या झऱ्यांना येत असेल, तर गोष्ट वेगळी होती.

"आणि आमचे हात मोजत नाहीत," सानिका म्हणाली. "चौदाही जण अठराच्या आत."

सड्याच्या मधोमध एक भोक आहे. पोरं त्याला नरसाळं म्हणतात. अर्ध्या सड्याचं पाणी गरगरत येऊन त्यात उतरतं. ते बाहेर कुठं निघतं? गावातल्या म्हाताऱ्यांचं एकमत, खाडीत. पोरांचं एकमत, झऱ्यांत. आणि मी? मी म्हणालो, शास्त्रीय पद्धतीने पाहावं लागेल.

"पद्धत आहे आमच्याकडे," सानिका म्हणाली. "भाताच्या कुणग्यातून, म्हणजे खाचरातून, पाणी कुठं गळतंय ते कळलं नाही, की आजी मूठभर तूस सोडते. तूस गोल फिरत जिथं बुडतं तिथं खेकड्याचं बीळ. आपण पोतंभर सोडू."

जाणकार म्हणून मला एवढंच सुचलं, की तूस रंगवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तुसाशी गफलत व्हायची नाही. या पाच दिवसांतली माझी एकमेव उपयुक्त सूचना ती.

शुक्रवार

गिरणीतून तूस आणलं. वहिनींनी घंगाळात हळदीचं ऊन पाणी केलं. ते तूस तुडवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत उतरलो. पोरं हसत होती. मी सोलापूरचा, मला घाम गाळायची लाज नाही, असं काहीतरी मी बोललोही.

तेवढ्यात दत्ताराम आला. हा सानिकाचा सख्खा काका, खालच्या वाडीतला, पन्नाशीचा, स्वतःचा टेम्पो चालवणारा. कंपनीच्या बाजूने गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्याने माझे पिवळे पाय निरखून पाहिले.

"सर, एवढ्या लांबून हळद लावून घ्यायला आलाव? लगीन कुनाचा?"

"सड्याचं," सानिका म्हणाली.

"मंग ठीक हाय. नवरा कंपनीवाला. स्थळ चांगला हाय गो, नको बोलू नकोस."

"काका, मुलीला विचारलं का?"

"दगडाला काय इचारायचा?" तो हसला आणि पायरीवर टेकला. मग हसणं गेलं. त्याचा मुलगा मुंबईत पार्सलं पोचवतो, एका खोलीत आठ जण झोपतात. आवाराच्या गेटवर गावच्या पोरांना घेऊ, असं कंपनीने सांगितलं होतं. "तुमी फुलं मोजताव, मोजा," तो मला म्हणाला. "मी माजा पोर वर्षातना दोनदा बगतंय. एकदा शिमग्याला नि एकदा गनपतीला. त्येचा बी कुनीतरी वहीत लिवा."

रेहानने वही उघडली नाही. मी तूस तुडवत राहिलो, कारण थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

शनिवार

गावात पाण्याच्या जागा आठ. प्रत्येक ठिकाणी एकदोघांना बसवायचं, घड्याळं जुळवायची, दहा वाजता सानिकाने नरसाळ्यात तूस ओतायचं. वरच्या वाडीचा झरा सगळ्यात जवळचा आणि महत्त्वाचा, म्हणून तिथं जाणकाराला बसवलं. एकट्याला. माझ्यावर एवढा विश्वास आमच्या मुख्याध्यापकांनी कधी दाखवलेला नाही.

दहा वाजले. झरा वाहत होता. सव्वादहा. एक खेकडा बाहेर आला, मला पाहून परत गेला. चिखलातून आल्यामुळे पाय बरबटले होते. नुसतं बसण्यापेक्षा पाय धुवावेत म्हणून मी पँटीची दुमड आणखी वर सरकवली आणि पाण्यात उतरलो.

दहा पंचविसाला पाण्यावर पिवळं तूस तरंगत आलं.

आधी दोन कण, मग पाचसहा. माझ्या आयुष्यात पाठ्यपुस्तकातली गोष्ट प्रत्यक्ष घडताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मी ओरडलो. शिट्टी दिली होती, ती वाजवली. पाण्यात नाचलो, त्यामुळे आणखी तूस आलं, आणि या योगायोगाचा मला जरासुद्धा संशय आला नाही.

शिट्टी ऐकून सगळ्या पाणवठ्यांवरची पोरं धावत आली. सानिका सड्यावरून उतरली ती धापा टाकत, केसांत गवत. तिने माझ्या तळहातावरचं तूस पाहिलं आणि खाली दगडावर बसली. दोन वर्षांचे रविवार तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग पोरांनी जो दंगा केला त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. मध्यभागी मी, तळहात पुढे, मुद्रा संशोधकाची. बाकीच्या सात जागांकडे परत जायचं कोणाला सुचलं नाही. कशाला जायचं, सापडलं होतं की.

कदमने दुपारी मला ताज्या बांगड्याचं तिखलं खाऊ घातलं. एक काटा घशात अडकला, तरी मी प्रसन्न होतो.

रविवार

सकाळी परसात दात घासत होतो. वहिनी धुण्याच्या दगडाशी बसल्या होत्या. त्यांनी माझी पँट पिळून झटकली.

"भाऊजी, दुमडीत काय भात पेरलात?"

दगडावर पिवळं तूस पडलं होतं. चांगलं चिमूटभर.

मी तोंडात ब्रश तसाच धरून उभा राहिलो. शुक्रवारी दुमडलेली पँट. शनिवारीही तीच, कारण दुसरी वाळली नव्हती. तुडवताना दुमडीत साठलेलं तूस घेऊन मी स्वतःच झऱ्यात उतरलो होतो आणि स्वतःच त्याचा शोध लावला होता.

खोटं कशाला बोलू, एक चहा होईपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. ग्रामसभा तासाभरावर आली होती. फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये होता. हेतू चांगला, बाजू चांगली, आणि पँट आता धुतलेली. वहिनींनी ते तूस हाताने बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या काही म्हणाल्या असत्या तर मला वाद घालता आला असता.

कदमची लुंगी गुंडाळून मी सानिकाच्या घरी गेलो. ती ग्रामसभेत दाखवायचा नकाशा गुंडाळत होती. मी सांगितलं. तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग ती नकाशाकडे बघत म्हणाली, "पंचवीस मिनिटांत इतक्या खाली. मला कालच ते फार लवकर वाटलं होतं. पण मला तसंच व्हायला हवं होतं."

"मी सांगतो सभेत," मी म्हणालो.

"तुम्ही सांगाच. पण आधी मी सांगणार. आकडा माझ्या वहीत आहे."

शाळेच्या पडवीत गाव जमलं होतं. मुंबईकर पुढे, बायका डाव्या हाताला, म्हातारे भिंतीला टेकून. सरपंच सुनंदाताई टेबलाशी. पोरांना आत जागा नव्हती, ती पडवीच्या कठड्यावर बसली होती. सानिका कठड्यावरून उतरून पुढे आली आणि म्हणाली, "कालची नोंद चुकीची आहे. वरच्या झऱ्यात आलेलं तूस सड्यावरून आलेलं नव्हतं." मग माझ्याकडे पाहिलं.

सुनंदाताईंनी परवानगी दिली आणि मी लुंगी सावरत, दोन मिनिटांत, काहीही न लपवता माझ्या पँटीची हकीकत सांगितली. माझ्या वर्गात एवढ्या शांततेने मला कोणी कधी ऐकलेलं नाही. नंतर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. एक म्हातारबाबा डोळे पुसत होते.

"म्हंजे झरा सड्यातना नाय, सरांच्या पँटीतना निगालाय," दत्ताराम म्हणाला. "ताई, आता ठराव घ्या. पोरांचा झाला, सरांचा बी झाला."

सानिका ताठ उभी होती. तिचे कान लाल झाले होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून दत्तारामची बायको, संगीताकाकू, शेजारणीला विचारताना ऐकू आली, "पिवळा तूस म्हंजे हळदीचा काय गो?"

"होय, हळदीचं," मी म्हणालो.

"मंग तो माज्या कळशीत आला होता. काल दुपारच्याला. दोन येळा गाळला नि परसात फेकला. मना वाटला गिरनीतला कचरा."

हसणं थांबलं. खालच्या वाडीचा झरा सड्यापासून सगळ्यात लांब. शिट्टी वाजल्यावर पोरांनी तोही सोडून दिला होता.

"हे तू आता सांगतेस?" दत्ताराम म्हणाला.

"तुमी इचारलाव कवा?"

दत्ताराम उठून उभा राहिला. "कुनीतरी टाकला असंल. पोतंभर तूस गावात फिरतोय. पोरांपैकीच कुनीतरी."

"काका, मी?"

"तू नाय गो. पन पोरं काय एकटी तूच हायस?"

यावर दोन्हीकडून आवाज चढले. सुनंदाताईंनी टेबलावर हात आपटला. मुंबईकरांची गाडी सात वाजता होती. ताईंनी निकाल दिला: तूस परत सोडायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आजच. प्रत्येक पाण्यावर दोन माणसं, एक ठरावाच्या बाजूचं, एक विरुद्धचं. ठराव पाच वाजता.

"आणि रंग दुसरा," दत्ताराम म्हणाला. "नायतर कालचाच आज येयाचा." सूचना बरोबर होती. बायकांनी घरोघरचं कोकमाचं आगळ आणलं, उरलेलं कोरं तूस त्यात भिजवलं, लालजांभळं झालं. या वेळी मला घंगाळाच्या जवळ येऊ दिलं नाही. पाण्याच्या कुठल्याही जागेवर माझी नेमणूक झाली नाही. कदमने माझ्या हातात चहाचा थर्मास दिला आणि सांगितलं, "सगळ्यांना चहा दे, आणि कोणाच्याही पाण्यात उतरू नकोस."

साडेअकराला सानिका आणि सुनंदाताईंनी मिळून तूस ओतलं. अर्धं गाव भोकाभोवती वाकून बघत होतं. तूस गरगर फिरलं आणि घोट घेतल्यासारखं नाहीसं झालं.

मग थांबणं. बारा, एक, दोन. वरच्या वाडीच्या झऱ्यावर काही नाही. देवळाजवळच्या विहिरीत काही नाही. मी थर्मास घेऊन पायऱ्या चढत उतरत होतो. सोलापुरात माणसं पाण्याची वाट बघत बसतात, ती रिकामे हंडे घेऊन. इथं भरलेल्या पाण्याशेजारी माणसं वाट बघत बसली होती. तीन वाजता मुंबईकरांनी घड्याळं बघायला सुरुवात केली. सानिका सड्यावरून उतरून एकेका जागी जात होती, विचारत नव्हती, नुसती बघून पुढे जात होती.

खालच्या वाडीच्या झऱ्यावर दत्ताराम स्वतः बसला होता. आपल्या बाजूचं दुसरं कोणी त्याने तिथं बसूच दिलं नाही. कातळातलं पाणी पोफळीच्या पन्हळीतून खालच्या दगडी डोणीत पडतं. त्याने पन्हळीखाली आपला पांढरा पंचा ताणून बांधला होता. समोर विरुद्ध बाजूचा म्हणून रेहान. मी पोचलो तेव्हा पावणेचार वाजत होते.

"बिनसाखरेचा हाय ना?" दत्ताराम म्हणाला.

"साखरेचा आहे."

"मंग अर्धाच द्या."

मी ओतत होतो. रेहान एकदम स्तब्ध झाला. त्याची नजर पंच्यावर होती. मीही पाहिलं. पांढऱ्या कापडावर एक लाल कण होता. पन्हळीतून दुसरा आला. मग तीनचार एकदम.

पोरगं दहावीतलं, दोन वर्षं ज्यासाठी राबलं ते समोर येऊन पडलं होतं, आणि ते समोरच्या माणसाच्या बोलण्याची वाट बघत होतं. मी शिट्टी वाजवली नाही. माझ्याकडे ती ठेवलेलीच नव्हती, तरी.

दत्तारामने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. ते कोरडे होते, डोणीपासून चार हात लांब. मग त्याने एक कण उचलला, हुंगला, दाताखाली धरला.

"कोकमाचा हाय," तो म्हणाला.

पाणी पडत राहिलं. पंचा लाल होत गेला. त्याने तो पंचा झटकला असता, तर आम्ही दोघं सोडून कोणाला कळलं नसतं. आणि माझ्या शब्दाला त्या गावात त्या दिवशी काय किंमत होती, ते मी वर सांगितलंच आहे.

"बापानं बांदलेली डोन," तो डोणीच्या काठावर हात ठेवत म्हणाला. "आमी लहानपनी इचारायचो, पानी कुटून येता. बोलायचा, देव देता." मग रेहानकडे वळून, "बगतोस काय? फोटो काड. नि सानिकाला बोलव. सगळ्यांना बोलव."

पाचला परत पडवी भरली. पंचा टेबलावर पसरला होता. बाकी सात जागी काहीही आलं नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्यांचा अंदाज पूर्ण चुकला होता आणि पोरांचा बराचसा. वरच्या वाडीचा झरा कुठून येतो ते अजून कोणालाच माहीत नाही. नरसाळ्याचं पाणी एकाच ठिकाणी जात होतं, ज्या वाडीला सड्याशी आपला काही संबंध नाही असं वाटत होतं तिथं.

सुनंदाताईंनी विचारलं, ना हरकत द्यायची कोणाची इच्छा आहे. काही हात वर गेले, मुंबईकरांत जरा जास्त. द्यायची नाही? बायकांचे हात आधी गेले, संगीताकाकूचा सगळ्यात आधी. मग भिंतीकडच्या म्हाताऱ्यांचे. दत्ताराम मान खाली घालून बसला होता. मग त्याने हात वर केला आणि वर ठेवूनच बोलला.

"पानी माज्या घरातला हाय, म्हनून माजा हात वर हाय. पन ताई, ठरावात हे बी लिवा. माज्या पोरासाटी गावात कायतरी काम बगायचा. नायतर पानी राहील नि पियाला कोन नाय राहनार."

कठड्यावर बसलेली सानिका लगेच म्हणाली, "लिहा, ताई." ग्रामसेवकाने वर पाहिलं. तिला मत नव्हतं, बोलायचा अधिकारही नव्हता. सुनंदाताई म्हणाल्या, "लिहा म्हणते ना ती."

ते लिहिलं गेलं. ना हरकत नाकारली गेली. कंपनी दुसरा अहवाल घेऊन येईल, असं जाताजाता एक मुंबईकर म्हणाला. येऊ दे, असं तीनचार जण एकदम म्हणाले.

सोमवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी सड्यावर गेलो तर पोरं नरसाळ्याभोवती गडगा घालत होती, सुट्या दगडांचा, गुडघाभर, म्हणजे गुरं आणि प्लास्टिक आत जाऊ नये. पाणी जायला खाली फटी ठेवलेल्या. पहार घेऊन दत्ताराम आला होता. सानिका त्याला दगड कुठं लावायचा ते दाखवत होती आणि तो निमूट ऐकत होता. त्याला ते जमत होतं. तिसऱ्या दगडानंतर दाखवणं त्याच्याकडे गेलं आणि ऐकणं सानिकाकडे.

मलाही दगड वाहायला लावलं. मी एक बसवला, तो गडगडला. दुसरा बसवला.

"सर, पोट वर केलाव त्येचा. उलटा करा," दत्ताराम म्हणाला.

उलटा केला. बसला.

आदल्या सांजेला पाऊस झाला होता, त्यामुळे भोकात पाणी भरपूर उतरत होतं. काम अर्धं झाल्यावर दत्ताराम कडेला गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ आत कान लावून ऐकत राहिला. मला वाटलं तो काही गंभीर बोलणार.

त्याने घड्याळ पाहिलं. "निगाला," तो म्हणाला. "चार तासांनी घरी. मी त्येच्या आदी पोचतंय, जेवायला." आणि पहार उचलून पुढच्या दगडाकडे गेला.